मोठ्या फुग्याचे तोंड कसे बांधतात

फुगा म्हटला की डोळ्यांपुढे जत्रा येते. मूल हट्ट धरते, बाप कनवटीचा पैसा काढतो, आणि घरी पोचेपर्यंत फुगा फुटतो किंवा सुरकुतून लिंबाएवढा होतो. तेव्हा फुग्यात मोठ्या माणसाने वाचावे असे काय आहे, असे कोणी विचारील. पण आज आम्ही ज्या फुग्याची माहिती सांगणार आहोत, तो पोरखेळ नव्हे. तो जमिनीवरच माणसाएवढा उंच असतो. तो ढगांच्याही पलीकडे जातो आणि तिकडची खबर खाली पाठवतो. पाऊस कधी येईल, वादळ कोठे वळेल, हे सांगणाऱ्यांना ती खबर लागते. आणि एवढ्या मोठ्या खटाटोपाची भिस्त असते एका दोऱ्याच्या गाठीवर.

आधी फुगा कशाचा बनतो ते पाहू. रबराचे झाड तुम्ही कदाचित पाहिले नसेल. केरळात त्याचे मळेच्या मळे आहेत. आपल्याकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात आणि गोव्यातही ही लागवड आहे. पहाटे झाडाच्या सालीला तिरपी चीर देतात. चिरेतून दुधासारखा पांढरा चीक ठिबकतो. तो खाली बांधलेल्या वाटीत किंवा करवंटीत जमतो. रुईचे पान मोडले की जसा चीक येतो, तसाच दिसायला. या चिकात सुमारे तिसरा हिस्सा रबर असते, बाकीचे बहुतेक पाणी. चिकात गंधक आणि इतर औषधे मिसळतात, साचा त्यात बुडवून काढतात, वाळवतात, ऊब देतात. साच्यावर जो पातळ पापुद्रा धरतो, तोच फुगा. गंधकाने रबराला ताकद येते. ते ताणले तरी तुटत नाही, आणि सोडले की पुन्हा मूळ जागी येते.

रबराचा पहिला फुगा लंडन शहरात १८२४ साली झाला. तो मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने केला. हा फॅरेडे लोहाराचा मुलगा. लहानपणी तो पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी करी आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून काढी. त्याने रबराचे दोन पातळ तुकडे एकावर एक ठेवले आणि कडा दाबल्या. कच्चे रबर चिकट असते, त्यामुळे कडा आपोआप जुळल्या. आतल्या बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्याने मध्ये पीठ भुरभुरले होते. आपण पोळपाटाला लावतो ना, तसेच! मग त्यात त्याने हायड्रोजन नावाचा वायू भरला.

हायड्रोजन हवेपेक्षा फार हलका असतो. पाण्याखाली दाबून धरलेला भोपळा सोडला की उसळी मारून वर येतो. हवेत हायड्रोजनचा फुगा असाच वर उसळतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढ्या जागेतला हायड्रोजन सुमारे १ किलो वजन उचलतो. तोंडाने फुंकून भरलेला फुगा मात्र वर जात नाही. आपल्या फुंकरीत हलके असे काहीच नसते.

आता हवामान खात्याच्या फुग्याकडे वळू. भारताचे हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. त्याची मुख्य कचेरी १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आली आणि १९४४ साली दिल्लीला गेली. पुण्यात त्या जागेला लोक अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात. मुंबई, नागपूर, पणजी अशा ठिकाणांहून हे खाते आकाशात फुगे सोडते. जगभर शेकडो ठिकाणी ठरलेल्या एकाच वेळेची हवा मोजली जाते. ती वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच अशी पडते. फुगा त्याआधी थोडा वेळ सोडतात.

फुग्याखाली लांब दोरी असते आणि दोरीच्या टोकाला एक हलका डबा. डब्यात एक यंत्र असते. हवा किती गार आहे, दमट किती आहे, हे ते यंत्र मोजते आणि बिनतारी संदेशाने खाली कळवते. फुगा कसा वाहत गेला त्यावरून वाऱ्याची दिशा आणि वेग कळतो. पावसाळ्यात आपल्या अंगाला वारा पश्चिमेकडून लागतो. पण त्याच वेळी १४-१५ किलोमीटर उंचीवर तो उलट पूर्वेकडून जोराने वाहत असतो. जमिनीवर उभे राहून हे कोणाला कळणार? आता उपग्रह आहेत, तेही पुष्कळ सांगतात. तरी प्रत्यक्ष त्या हवेत जाऊन मोजणारा हा फुगा अजून लागतोच.

फुगा मिनिटाला सुमारे ३०० मीटर वर चढतो. जसजसा वर जाईल तसतशी बाहेरची हवा विरळ होते. विरळ हवा फुग्याला कमी दाबते, म्हणून आतला वायू पसरतो आणि फुगा मोठा होत जातो. साडेपाच किलोमीटरवर हवेचा दाब निम्मा राहतो. तीस किलोमीटरवर तो जवळजवळ शंभरावा हिस्सा उरतो. जमिनीवर पाच फूट रुंद असलेला फुगा तिथे वीस-बावीस फूट रुंद होतो, म्हणजे एखाद्या घराएवढा. वाटेत थंडी इतकी की पारा शून्याखाली ७०-८० अंश जातो. शेवटी रबराची ताणण्याची हद्द संपते आणि फुगा फुटतो. तो फुटावा असेच ठरलेले असते. मात्र वर जाऊन फुटावा, वाटेत गळू नये. गाठीतून वायू निसटत राहिला तर फुग्याचा जोर कमी होतो. तो रेंगाळतो, भलतीकडे वाहत जातो, आणि वरच्या हवेची त्या वेळची खबर बुडते. वादळ किनाऱ्याकडे येत असेल आणि कोळी समुद्रात असतील, अशा दिवशी ती खबर बुडणे किती महाग पडेल ते तुम्हीच पाहा.

आता गाठीची रीत. फुग्याच्या तोंडाला नळीसारखा जाड गळा असतो. बांधताना तो दुमडता येतो, एवढा लांब. हा गळा वायूच्या नळीवर चढवून दोरीने घट्ट आवळतात. नळीला ठरलेली वजने लावलेली असतात. मग वायू सावकाश सोडतात. घाई केली तर पातळ रबरावर एकाच जागी ताण येतो. फुगा भरत आला की तो नळी आणि वजने यांसकट तरंगू लागतो. तेव्हा समजायचे, वायू पुरेसा झाला. तराजूत पारडे समतोल होते तसेच हे.

पुढचे काम दोन माणसांचे. एकाने गळा मुठीत धरायचा, दुसऱ्याने बांधायचे. फुग्याच्या पोटाशी नव्हे आणि नळीशीही नव्हे, तर गळ्याच्या मधल्या भागात सुती दोरीचे चारसहा वेढे एकावर एक घट्ट घ्यायचे आणि निरगाठ मारायची. सुरगाठ नको, ती ताणाने सुटते. मग फुगा नळीवरून काढायचा. आता गळ्याचा जो भाग गाठीखाली लोंबत राहतो, तो वर दुमडायचा आणि दुमडलेल्या दोन्ही पदरांवरून दुसरी दोरी गुंडाळून पुन्हा निरगाठ मारायची. दुमडीचा खाली एक फासा तयार होतो. यंत्राची दोरी त्या फाशातून ओवून बांधायची.

दोन गाठी कशाला? एक पक्की मारली तर भागणार नाही का? नाही भागणार. रबर ओढले की बारीक होते. ओझे एकाच गाठीला टांगले तर गळा लांबतो, बारीक होतो, गाठ ढिली पडते आणि वायू फुसफुसत बाहेर येतो. ओझे दुमडीवर दिले म्हणजे पहिल्या गाठीवर ओढ येत नाही. तिने फक्त तोंड बंद ठेवायचे, वजन दुसरीने सांभाळायचे. शिवाय दुमडीमुळे वायूची वाटच मोडते. जुन्या काळी पखालवाला पखालीचे तोंड पीळ देऊन, दुमडून, मग वादीने आवळत असे. नुसते आवळले तर पाणी झिरपते हे त्याला ठाऊक होते. धान्याच्या पोत्याला आपण नुसती सुतळी बांधतो ते चालते, कारण दाणा काही फटीतून पळत नाही. वायू पळतो.

दोरी कशी असावी हेही महत्त्वाचे. सुती आणि मऊ, नाडीसारखी चपटी असली तर उत्तम. बारीक नायलॉनचा दोरा किंवा पतंगाचा मांजा रबराला सुरीसारखा कापतो. हाताची नखे वाढलेली नसावीत, अंगठी काढून ठेवावी. हाताला तेल नसावे, तेलाने रबर नासते. फुगा जमिनीवर घासू देऊ नये. बाभळीचा एक काटा पुरे!

यंत्राची दोरी चांगली तीस मीटरच्या आसपास लांब सोडतात. फुगा उन्हात तापतो. यंत्र त्याच्या जवळ असले तर ते हवेची नव्हे, फुग्याचीच ऊब मोजील. फुग्याच्या लगेच खाली एक छोटी हवाई छत्रीही बांधतात. तिचे काम पुढे सांगतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. हायड्रोजन पेट घेतो. हवेत त्याचे प्रमाण शंभरात ४ पासून ७५ पर्यंत काहीही असले, तरी एका ठिणगीने भडका उडतो. विडी, काडी, दिवा तर नकोच. नायलॉनचे कपडे अंगावर घासूनही ठिणगी पडते, म्हणून हे काम करणारे सुती कपडे घालतात. हेलियम नावाचा दुसरा हलका वायू पेटत नाही, पण तो महाग पडतो. जत्रेत काही फुगेवाले घरगुती लोखंडी टाकीत हायड्रोजन तयार करतात. आत वायूचा दाब किती झाला हे दाखवणारे काहीही त्या टाकीला नसते. अशा टाक्या फुटून माणसे दगावली आहेत, आणि त्यांत फुग्यासाठी भोवती जमलेली मुलेही होती. टाकी दिसली तर मुलांना दूर घेऊन जावे. फुगेवाल्याशी हुज्जत मागाहून घालता येते.

घरच्या लग्नात किंवा शाळेच्या संमेलनात तीन फुटी फुगे लावतात. त्यांत पंपाने साधी हवा भरावी. रीत तीच. गळ्याला दोन-तीन पीळ द्यावे, दोरी बांधावी, दुमडावे, पुन्हा बांधावे. लहान फुग्याला आपण गळ्याचीच गाठ मारतो. मोठ्याचा गळा जाड असतो, त्याची गाठ नीट बसत नाही, आणि ओढाताण केली तर गळाच फाटतो. गळ्याजवळचा भाग फुगून फुगा भोपळ्याच्या आकाराचा दिसू लागला, तर हवा जास्त झाली. थोडी सोडावी. गाठ झाल्यावर तिच्यावर साबणाचे पाणी बोटाने लावावे. बुडबुडा आला तर हवा निसटते आहे. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलावेत. लहान मूल ते तोंडात घालते आणि घशात अडकून त्याचा जीव जाऊ शकतो.

आकाशातला फुगा फुटल्यावर काय होते? रबराच्या चिंध्या होतात. ती छोटी छत्री उघडते आणि यंत्राला हळूहळू खाली आणते. वारा नेईल तिकडे, कधी दूरच्या तालुक्यात, कोणाच्या उसात, कोणाच्या छपरावर ते उतरते. पांढरा हलका डबा, आत तारा, वर दोरी आणि फाटके रबर पाहून लोक घाबरतात. बाँब आहे म्हणतात, हेराचे यंत्र आहे म्हणतात. गावच्या गाव गोळा होते. डब्यावर तो कोणाचा आहे हे बहुधा छापलेले असते. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा लांबूनच नीट वाचा. हवामान खात्याचे नाव दिसले तर भिण्याचे कारण नाही. नाव दिसले नाही किंवा शंका वाटली, तर हात न लावता पोलीसपाटलांना कळवा. दोरी विजेच्या तारेवर अडकली असेल तर ती ओढू नका, वीजमंडळाच्या माणसाला बोलवा. आणि रबराच्या चिंध्या मात्र शेतातून वेचून काढा, गुरे चाऱ्याबरोबर त्या खातात.