डॅम्पप्रूफ मारून बुरशी जात नाही

‘आतून डॅम्पप्रूफ मारा, वर चांगला पेंट द्या, बुरशीची कटकट संपली.’ गणपतीच्या तोंडावर अंधेरी-बोरिवलीत आणि घाटकोपर-मुलुंडमध्ये हे वाक्य रंगारी सांगतो, शेजारी सांगतात आणि सोसायटीचे सेक्रेटरीही सांगतात. लोक विश्वास ठेवतात, पैसे मोजतात आणि पुढच्या जुलैत कपाट सरकवलं की त्याच कोपऱ्यात तेच काळे-हिरवे ठिपके, तोच कुबट वास. तरीही पुढच्या वर्षी पुन्हा रंगच! हा गैरसमज इतका घट्ट बसला आहे की त्यावर जरा सविस्तर बोलायलाच हवं.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. ते घरात येणं कुणीही थांबवू शकत नाही. त्यांना रुजायला अन्न, ऊब आणि ओल लागते. अन्न म्हणजे भिंतीवरची धूळ, रंगातले आणि लांबीतले सेंद्रिय घटक, प्लायवूड, पुठ्ठा. हे प्रत्येक घरात असतंच आणि मुंबईची ऊब बारमाही आहे. म्हणजे आपल्या हातात एकच गोष्ट उरते, पाणी. ते कुठून येतं हे न शोधता केलेला कुठलाही खर्च वाया जातो.

उपनगरांतल्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या तीन-चार मजली इमारतींत पाण्याला वाटा पुष्कळ. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर सव्वादोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि वाऱ्यासोबत तो पश्चिमेच्या भिंतीवर सरळ आपटतो. बाहेरच्या प्लास्टरला केसाएवढ्या भेगा पडलेल्या असतात, चज्ज्याच्या सांध्यात पिंपळाचं रोप रुजलेलं असतं, गच्चीचा कोबा तडकलेला असतो. डक्टमधले जुने बिडाचे पाइप सांध्यांत झिरपतात. वरच्या घरातल्या बाथरूमखाली विटांच्या तुकड्यांचा भराव असतो. नहाणीचा ट्रॅप सैल झाला की तो भराव पाणी पिऊन बसतो आणि महिनोन्महिने खालच्या छताला देत राहतो.

आता अशा भिंतीला आतून डॅम्पप्रूफ मारल्यावर काय होतं ते बघा. पाणी बाहेरून येतच असतं. विटा आणि प्लास्टर ते शोषतात. पूर्वी ते खोलीच्या बाजूने थोडंफार वाळायचं. ती वाट रंगाच्या पापुद्र्याने बंद झाली. पाण्याबरोबर आलेले क्षार पापुद्र्यामागे साचतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि रंग आतून ढकलला जातो. आधी बोटाने दाबला तर दबणारा फुगा येतो, मग पोपडे सुटतात आणि त्यांच्या मागे पांढरी भुकटी दिसते. बरं, हा रंग ऑगस्ट-सप्टेंबरात, भिंत आकंठ भिजलेली असताना मारलेला! पाण्याला पुढे वाट मिळाली नाही की ते बाजूला सरकतं, शेजारच्या खोलीत, खालच्या बीमकडे. तिथल्या सळया गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो, म्हणून काँक्रीट फुटून छताचे तुकडे पडतात. घरात वरून गुळगुळीत दिसणारी भिंत मागे काय चाललंय ते फक्त झाकून ठेवते.

याची किंमत केवढी असू शकते, याची नोंद इंग्लंडमध्ये झाली आहे. रॉचडेल इथल्या भाड्याच्या घरात आवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेल्या संपर्कामुळे झालेल्या श्वसनविकाराने तो गेला, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये नोंदवला. त्याच्या वडिलांनी तक्रार केली तेव्हा त्यांना सल्ला मिळाला होता : वरून रंग मारा. पुढे २०२३ च्या कायद्यात सामाजिक गृहनिर्माणातल्या घरमालकांवर ठरावीक मुदतीत ओल-बुरशीची दखल घेण्याचं बंधन आलं. ती तरतूद ‘आवाबचा कायदा’ म्हणूनच ओळखली जाते.

मग पाण्याचा माग कसा काढायचा? भिंत मे महिन्यातही ओली असेल तर पाऊस नव्हे, पाइप किंवा वरचं बाथरूम. फक्त पावसात ओली होत असेल तर बाहेरची भिंत, चज्जा किंवा गच्ची. वरच्या घराचा संशय असेल तर त्यांच्या संमतीने नहाणीत रंगीत पाणी सोडून खाली वाट बघा. आणखी एक सोपी चाचणी आहे. फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि एक-दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला आले तर ती हवेतली वाफ आहे.

ही वाफ हल्ली फार दिसते, कारण एसी. पावसाळ्यात २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू साधारण २५ अंश असतो. बेडरूममधला एसी रात्रभर २० वर चालला की मधली भिंत गार होते आणि पलीकडे पॅसेजच्या बाजूला, कपाटामागे, माळ्यावर ओल धरते. तिथे गळती शोधून उपयोग नाही. एसीचं तापमान २५-२६ वर ठेवा आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या.

आता खर्च कुणाचा. ‘तुमचं घर, तुमची भिंत’ असं म्हणून सोसायटी हात झटकते, तेव्हा सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी काढून दाखवा. पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती ही संस्थेची जबाबदारी आहे. घरातल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती सदस्याची. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट तर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार बंधनकारकच आहे. ‘रिडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला खर्च?’ हे उत्तर तर ऐकवत नाही. बिल्डर ठरण्यापासून घर रिकामं करण्यापर्यंत कित्येक पावसाळे जातात आणि त्या प्रत्येक पावसाळ्यात दम्याची मुलं त्याच खोलीत झोपतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

भिंतीवरची काळी बुरशी म्हणजे २०२१ ची ‘काळी बुरशी’ : नाही. तो आजार, म्हणजे म्युकरमायकोसिस, वेगळ्या गटातल्या बुरशीमुळे होतो, आणि त्यातला काळेपणा मेलेल्या ऊतींचा असतो.

काळी तेवढी विषारी, पांढरी-हिरवी निरुपद्रवी : रंगावरून काहीच ठरत नाही, कुठलीही असो, ती काढायलाच हवी.

आधी लॅबमध्ये जात तपासून घ्यावी : अमेरिकेची सीडीसी ही तपासणी सुचवत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेने बीजाणूंची कुठलीही ‘सुरक्षित’ मर्यादा दिलेली नाही.

ब्लीच फवारलं की मेली : टाइल्सवर चालतं, प्लास्टरवर वरवर डाग जातो आणि ओल तशीच राहते. मेलेली बुरशीही ॲलर्जी देते, म्हणून ती काढून टाकावी लागते. आणि ब्लीचमध्ये संडासाचं ॲसिड कधीही मिसळू नका. क्लोरिन वायू तयार होतो.

कोरड्या ब्रशने खरवडली की झालं : बीजाणू घरभर उडतात. एन-९५ मास्क लावा, खिडकी उघडा, साबणाच्या पाण्याने ओलं करून घासा आणि जागा पूर्ण वाळवा. डाग दहा चौरस फुटांहून मोठा असेल तर जाणकाराला बोलवा.

घाबरवून सोडण्याचा हेतू नाही. बहुतेकांना शिंका, खोकला, डोळ्यांची खाज एवढंच होतं. पण ओलसर घर आणि दमा यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट मांडला आहे. भारतातल्या १९ शहरांतल्या १,०८४ रुग्णांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत फुप्फुसांच्या जाळीचा आजार असलेल्यांपैकी ४७ टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे फुप्फुसांचा ॲलर्जीजन्य दाह, होता. बुरशी हे त्या आजाराचं एक जुनं, माहितीतलं कारण. म्हणून घरात कुणाचा खोकला आठवडे उलटले तरी हटत नसेल, जिने चढताना धाप लागत असेल, तर डॉक्टरांना भिंतीचा फोटो दाखवा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

आणि सोसायटीला अर्ज द्यायचा तर तो ऑगस्टमध्ये नव्हे, फेब्रुवारीत द्या : लेखी, फोटोंसह, पोच घेऊन. बाहेरचं प्लास्टर, गच्ची आणि पाइप यांची कामं कोरड्या दिवसांतच होतात, आणि त्यासाठी मेअखेरपर्यंतचाच वेळ हातात असतो.