मार्जिन ऑफ एरर नेमका कोणत्या आकड्याचा?

जनमत चाचणीचे आकडे छापताना शेवटी ‘मार्जिन ऑफ एरर ३ टक्के’ असे नोंदवण्याचा प्रघात आहे; परंतु ही मर्यादा नेमकी कशाला लागू होते हे सांगितले जात नसल्याने वाचकाचा, आणि पुष्कळदा लिहिणाऱ्याचाही, गैरसमज होतो. सर्व मतदारांऐवजी त्यांतील काही जण यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निवडले असता त्यांचा कौल आणि सर्वांचा कौल यांत केवळ योगायोगाने जो फरक पडू शकतो, त्याची ही मर्यादा होय. १,००० जणांच्या नमुन्यात ती सुमारे ३ टक्के-बिंदू असते. म्हणजे तीच चाचणी त्याच रीतीने पुनःपुन्हा घेतल्यास १०० पैकी सुमारे ९५ वेळा हाती येणारा आकडा खऱ्या आकड्यापासून तेवढ्याच अंतरात राहतो.

सर्वांत मोठी गफलत आघाडीविषयी होते. एका उमेदवाराला ४४ आणि दुसऱ्याला ४० टक्के पसंती मिळाली, तर ३ ही मर्यादा प्रत्येकाच्या स्वतंत्र आकड्याची असते. एकाचा आकडा योगायोगाने फुगतो तेव्हा दुसऱ्याचा बहुधा घटतो, त्यामुळे दोहोंमधील अंतराची मर्यादा जवळजवळ दुप्पट, ६ टक्के-बिंदूंच्या आसपास जाते. म्हणून ४ ही संख्या ३ पेक्षा मोठी आहे एवढ्यावरून आघाडी पक्की ठरवणे चूक आहे. मात्र अशा स्थितीला ‘बरोबरी’ म्हणणेही तितकेच चूक, कारण उपलब्ध पुरावा पहिल्या उमेदवाराकडेच झुकलेला असतो.

निवडच एकांगी असेल, तर ही मर्यादा काहीच सांगत नाही. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने दूरध्वनी व मोटारमालकांच्या याद्यांसारख्या साधनांवरून सुमारे १ कोटी लोकांना नमुना-मतपत्रिका धाडल्या आणि परत आलेल्या २० लाखांहून अधिक पत्रिकांच्या आधारे त्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट यांच्याविरुद्ध लँडन विजयी होतील असे भाकीत केले. एवढ्या संख्येला सूत्र लावल्यास मर्यादा एक दशांश टक्के-बिंदूहूनही कमी येते. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. याद्यांत सुस्थितीतील लोकांचा भरणा होता आणि उत्तर पाठवणारे तर त्यांतलेही काहीच होते. हा दोष नमुना वाढवून भरून निघत नाही.

भारतात आणखी एक अडचण आहे. येथे मतांच्या टक्केवारीवरून जागांचा अंदाज बांधताना लढतींचे स्वरूप, आघाड्या आणि मतांची प्रादेशिक विभागणी यांविषयी वेगळी गृहीतके धरावी लागतात, त्यामुळे मतांसाठी काढलेली ३ टक्क्यांची मर्यादा जागांच्या अंदाजापुढे लिहिणे शास्त्रदृष्ट्या निराधार ठरते.