जुना फ्रीज भंगारात देण्याआधी

फ्रीज घरात आला की आपण बायका त्याला एकच काम सांगतो, थंड ठेव. किती थंड, हा प्रश्न मनातही येत नाही. दूध नासलं नाही, कोथिंबीर पिवळी पडली नाही, पाहुण्यांना गार पाणी मिळालं, की झालं. पण काही वस्तू अशा असतात की त्यांना उकाडा सोसत नाही अन् फार गारठाही सोसत नाही.

आता वाइनचंच घ्या. नाव काढताच तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. माझ्याही पडतात, कारण दारूपायी मोडलेले संसार आम्ही बघतो. पण इथे विषय पिण्याचा नाही, साठवण्याचा आहे. वाइनच्या बाटल्या पुष्कळ दिवस ठेवायच्या तर साधारण १२-१३ अंश तापमान लागतं. घरचा फ्रीज ४-५ अंशांवर चालतो, म्हणजे तो जास्तच गार. मग हौशी लोक काय करतात, तर जुना फ्रीज नाहीतर डीप फ्रीझर घेतात आणि त्याला बाहेरून एक तापमान नियंत्रक लावतात. फ्रीझरचा प्लग भिंतीत न जाता या नियंत्रकात जातो. नियंत्रकाची वायर आत सोडलेली असते, तिच्या टोकाला तापमान ओळखणारा सेन्सर. आतला गारवा ठरवल्याइतका झाला की वीज बंद, उष्णता वाढली की पुन्हा चालू. कॉम्प्रेसरला मध्ये दोन-तीन मिनिटांची उसंत द्यायची सोयही त्यात असते. झालं! बर्फ करणारं यंत्र हवं त्या तापमानाची पेटी बनतं.

वाइनचं राहू द्या. आपल्या घरात असं नेमकं तापमान कशाला लागतं? मैत्रिणींनो, इन्सुलिनला लागतं.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण बाहेर म्हणजे २५-३० अंशांपर्यंत. आमच्या वाशीम जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, टिनाच्या घरात तर विचारूच नका. आणि दुसरं टोक त्याहून वाईट. इन्सुलिन एकदा गोठलं की कामातून गेलं. पुन्हा वितळलं तरी त्याचा गुण परत येत नाही, आणि ते बिघडलंय हे नुसत्या डोळ्यांना दरवेळी कळतही नाही.

आमच्या जऊळक्याकडच्या एका मैत्रिणीच्या अकरा वर्षांच्या मुलीला टाइप वन डायबिटीस आहे. रोज इंजेक्शन द्यायचं, तरी एका उन्हाळ्यात साखर उतरेचना. पोरीनं चोरून गोड खाल्लं असेल म्हणून ती बोलणीही खायची. शेवटी लक्षात आलं, की आजी मायेनं बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. म्हणायची, "लाइन राह्यत नाही बाई, तिथं जास्त थंड राह्यते." पोरीचा काही दोष नव्हता. आजीचा तरी कसा म्हणायचा? 'फ्रीजमध्ये ठेवा' एवढंच तिला सांगितलेलं. कुठल्या कप्प्यात, किती अंशांवर, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी ठेवायची पेटी कधी बघा. तिला आयएलआर म्हणतात. तीही २ ते ८ अंशांचीच. झाकण वरून उघडतं, कारण गार हवा जड असते, समोरून दार उघडलं की ती पायावर सांडते, वरून उघडलं तर आतच राहते. भिंतींत बर्फाचं अस्तर असतं, त्यामुळे दिवसातून आठ तास सलग वीज मिळाली तरी गारवा टिकतो. आणि मुख्य म्हणजे आत थर्मामीटर असतो, सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहितात. यंत्रावर कुणी आंधळा विश्वास ठेवत नाही.

आइस्क्रीमच्या दुकानातला जुना डीप फ्रीझर याच घडणीचा. जाड भिंती, वरून झाकण. नियंत्रक लावून तो ५ अंशांवर आणला तर दूध, दही, भाजी, फुलं यांना उत्तम. बचत गटाच्या दूध-पनीरच्या धंद्याला तर चांगलाच कामी येईल. मात्र काही पथ्यं पाळा. जोडणी जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या, अर्थिंग तपासा. सेन्सर पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवा, म्हणजे झाकण उघडलं की लगेच मशीन सुरू होणार नाही. रिकाम्या जागेत साध्या पाण्याच्या बाटल्या भरा. लाइन गेली तर त्याच गारवा धरून ठेवतात. तळाशी पाणी साचतं, ते पुसत राहा. आणि लक्षात ठेवा, सेन्सर बिघडला तर हेच यंत्र रात्रीतून सगळं गोठवून टाकेल. म्हणून जपून वापरायचं औषध अशा पेटीच्या भरवशावर सोडू नका. इन्सुलिनला चांगला चालणारा घरचा फ्रीजच बरा. बर्फाच्या कप्प्यापासून दूर, मधल्या फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेवा. शेजारी थर्मामीटर. तो दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी काय करावं? मोठ्या माठात छोटा माठ ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा, वाळू सतत ओली ठेवा, वर ओलं फडकं. नायजेरियाच्या मोहम्मद बाह अब्बा यांना अशाच माठाच्या कामासाठी २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं भाजीपाल्यासाठी केलेला विटा-वाळूचा शीतकक्षही याच तत्त्वावर चालतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठ छान गार होतो, पावसाळ्याच्या दमट हवेत मात्र नाही. वापरातली बाटली कोरड्या डब्यात घालून यात ठेवता येते. पण २ ते ८ अंश माठ देत नाही, त्यामुळे महिन्याचा साठा त्यात नको. तुमच्या औषधाला किती दिवस, किती तापमान चालतं, हे डॉक्टरांना नीट विचारून घ्या.

आणि अगदी बंद पडलेला फ्रीज? तोही टाकाऊ नाही. उन्हा-थंडीला दाद न देणारं ते कपाटच. हिवाळ्यात दही लागत नाही, इडलीचं पीठ फुगत नाही, तेव्हा गरम पाण्याचं पातेलं आत ठेवून भांडी शेजारी ठेवा, बघा. फक्त कुलूप किंवा खिट्टी आधी काढून टाका. खेळताना मूल आत अडकलं तर जीव गुदमरतो. मागच्या नळ्या कापू नका, त्यांत गॅस असतो, नव्या फ्रीजमधला तर पेट घेणारा.

आपण सासूकडून शिकलो, की लोणचं ओल्या हातानं काढायचं नाही, पापड ऊन देऊन भरायचे. प्रत्येक वस्तूची राखण वेगळी, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यात आता अंश मोजायची एक सवय वाढवायची, एवढंच. तुमच्या गल्लीत कुणाकडे इन्सुलिन असेल तर आजच जाऊन विचारा, "बाई, बाटली कोणत्या कप्प्यात ठेवता?"