रुईवरील मावा : रसशोषक कीटकांचे प्रथिनपोषण आणि पत्रसंग्रह

शनिवारच्या मारुतीपूजेसाठी दादरच्या फुलबाजारात रुईची पाने व माळा मुबलक येतात. अर्कलवणासाठी किंवा पत्रस्वेदासाठी ताजे अर्कपत्र हवे असल्यास शहरातील वैद्यास व औषधनिर्मात्यास हा बाजार सोयीचा पडतो. या पानांच्या मागील बाजूस व कोवळ्या शेंड्यांवर पुष्कळदा पिवळ्या माव्याची दाटी असते. मावा केवळ झटकून टाकला म्हणजे पान शुद्ध झाले, असे का मानता येत नाही, हे त्याच्या पोषणावरून स्पष्ट होते.

मावा आपली सुईसारखी सोंड वनस्पतीच्या रसवाहिनीत खुपसून रस शोषतो. या रसात शर्करा विपुल, परंतु नत्र अत्यल्प असते. नत्र मुख्यतः सुट्या अमिनो आम्लांच्या रूपात असते; रसात थोडी प्रथिनेही असतात. माव्याच्या काही जातींच्या आतड्यात कॅथेप्सिन वर्गातील प्रथिनपाचक विकरे आढळली आहेत. तथापि मुख्य भिस्त अमिनो आम्लांवरच असते, आणि शरीरास अत्यावश्यक अशी आम्ले रसात अपुरी पडतात.

ही उणीव माव्याच्या विशिष्ट पेशींत वसणारे ‘बुखनेरा’ हे जीवाणू भरून काढतात. रसातील सामान्य अमिनो आम्लांपासून ते अत्यावश्यक आम्ले तयार करतात व मातेकडून पिलांकडे जातात. वाटाण्यावरील माव्यातील बुखनेराचा संपूर्ण जनुकसंच 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात या कार्याची जनुके टिकून असल्याचे दिसले. अशा रीतीने मिळालेल्या प्रथिनांवर रुईवरील मादी नराविना थेट पिले प्रसवते. म्हणूनच थोड्या दिवसांत शेंडा भरून जातो.

अल्प नत्रासाठी माव्यास पुष्कळ रस प्यावा लागतो. त्यातील जास्तीची शर्करा तो मधुरसाच्या रूपाने बाहेर टाकतो. हाच पानावरील चिकटा होय. देठातून गळणारा पांढरा चीक निराळा. मधुरस पारदर्शक व चकचकीत दिसतो. त्यावर मुंग्या जमतात, धूळ बसते व काळी बुरशी वाढते. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत असे पान नीट वाळत नाही. शिवाय हा मावा रुईतील हृदयावर कार्य करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये स्वतःच्या शरीरात साठवतो.

रसशोषण सर्वत्र दोषास्पदच असते असे नाही. पळस, कुसुम व बोर यांवरील लाक्षाकीटकही रसशोषकच. त्याचा राळेसारखा स्राव आपण लाक्षादि गुग्गुळात वापरतो. मात्र तेथे कीटकाचा स्राव हेच द्रव्य आहे. अर्कपत्रात तो भेसळ ठरतो.

म्हणून आमची सूचना अशी : खरेदीच्या वेळी पान उलटून पाहावे. मावा, चिकटा अथवा काळी बुरशी असलेली पाने वगळावीत. निवडलेली पाने वाहत्या पाण्यात धुऊन, पाणी पूर्ण निथळल्यावरच वापरावीत किंवा सावलीत विरळ पसरून वाळवावीत. स्वतःच्या लागवडीवर मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढावा व त्यास खाणारे ढालकिडे राखावेत. औषधासाठी तोडावयाच्या पानांवर रासायनिक कीटकनाशक फवारू नये.