रिसीव्हर उचलला की खाली घंटी वाजते

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातलं आमचं घर तीन मजली आणि जुनं. भिंती दीड फुटाच्या, जिना अरुंद. आजी सगळ्यात वर राहते, कारण देवघर तिथे आहे आणि ते खाली आणायला ती तयार नाही. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती न्हाणीच्या दाराशी घसरून पडली. खाली टीव्ही चालू होता. तिच्या हाका अर्धा तास कुणालाच ऐकू आल्या नाहीत. मोबाइल पलंगावर होता, तिच्या हाताबाहेर. हाड मोडलं नाही, एवढंच आमचं नशीब.

त्या रात्री बाबा म्हणाले, "जुना लँडलाइन असता तर निदान पोरं शिकवली असती तसा रिसीव्हर तरी उचलला असता." लाइन कधीच बंद झाली होती, पण बटणांचा फोन माळ्यावर जपून ठेवलेला होता. तो पुन्हा बोलता करायचा, असं चुलतभावाने आणि मी ठरवलं. तुमच्याही घरी आजी-आजोबा वरच्या मजल्यावर राहत असतील, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

आधी जाळं नीट करा

आमचा राउटर तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. ५ गिगाहर्ट्झचे सिग्नल जाड भिंतींत लवकर विरतात. २.४ गिगाहर्ट्झचे त्यांतून जरा बरे जातात, पण आजीच्या खोलीत तेही नावालाच पोहोचायचे. वायफाय पुढे ढकलणारा रिपीटर आणण्याऐवजी आम्ही जुन्या टेलिफोनच्या पाइपमधून नेटवर्कची केबल वर नेली आणि कपाटात पडून असलेला जुना राउटर तिला जोडला.

या दुसऱ्या राउटरला पहिल्यापेक्षा वेगळा पत्ता द्यायचा. पहिला १९२.१६८.१.१ असेल, तर याला १९२.१६८.१.२. त्याचं डीएचसीपी बंद करायचं, नाहीतर घरातल्या यंत्रांना दोन ठिकाणांहून पत्ते मिळतात आणि सगळा गोंधळ होतो. केबल दोन्हीकडे लॅनच्या खाचेत लावायची. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हींवर एकच ठेवायचा, चॅनल मात्र वेगळे. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे चॅनल एकमेकांत मिसळत नाहीत.

जुन्या राउटरला कंपनीकडून अपडेट येणं थांबलं होतं, म्हणून त्यावर ओपन-डब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली टाकली. तिचा जन्म २००४ चा. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स वापरलं होतं, त्यामुळे कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातूनच पुढे ही प्रणाली उभी राहिली. टाकण्यापूर्वी राउटरचं मॉडेल आणि आवृत्ती यादीत तंतोतंत जुळते का, ते बघा. चुकीची फाइल गेली किंवा मध्येच वीज गेली, तर राउटरचा दगड होऊ शकतो.

मग फोन

साधा फोन इंटरनेटच्या जाळ्याला जोडायला एटीए नावाचा छोटा डबा लागतो. त्याच्या एका खाचेत फोनची वायर, दुसऱ्या खाचेत नेटवर्कची केबल. एक डबा आजीकडे, एक स्वयंपाकघरात. दोन्हींचे कॉल जुळवण्याचं काम रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरचं अ‍ॅस्टरिस्क करतं. हेही मोफत आहे. आजीचा नंबर १०१, स्वयंपाकघराचा १०२.

बाबांच्या मोबाइलवर ॲप टाकून १०३ही दिला होता, पण बॅटरी वाचवण्यासाठी मोबाइल ते ॲप बंद करायचा आणि घंटी वाजायचीच नाही. म्हणून मुख्य भिस्त वायरच्या फोनवरच ठेवली.

सगळ्यात उपयोगी पडली ती एटीएमधली एक सोय. रिसीव्हर उचलून काहीच दाबलं नाही, तर काही सेकंदांत ठरवलेला नंबर आपोआप लागतो. आजीला आता आकडे लक्षात ठेवावे लागत नाहीत. फोन न्हाणीच्या दाराबाहेर, जमिनीपासून हातभर उंचीवर लावला आहे. पडलेल्या माणसाचा हात पोहोचेल असा.

काळजी दोन गोष्टींची. प्रत्येक नंबराचा पासवर्ड लांब ठेवा आणि राउटरमधून ५०६० हे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नका. आणि घरातलं हे जाळं घरापुरतंच राहू द्या. इंटरनेटवरचे कॉल विनापरवाना सार्वजनिक फोनच्या जाळ्यात सोडणं आपल्याकडे गुन्हा आहे.

वीज गेली तेव्हा

सगळं झालं, पेढे वाटले. आठवड्याभरात पावसात वीज गेली आणि फोन ठप्प. राउटरला छोटा यूपीएस होता, पण एटीए आणि पाय यांना नव्हता! जुन्या लँडलाइनला तांब्याच्या तारेतूनच एक्सचेंजकडून सुमारे ४८ व्होल्ट मिळायचे, म्हणून अंधारातही तो चालायचा. इंटरनेटच्या फोनला साखळीतल्या प्रत्येक डब्याची वीज आपल्यालाच सांभाळावी लागते. आता प्रत्येकाला यूपीएस आहे. विकत घेताना डब्यावर लिहिलेले व्होल्ट जुळवून घ्या. मग मेन स्विच बंद करून कॉल लावून बघा.

या फोनवरून ११२ लागत नाही, हेही घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तो खालच्या माणसाला वर बोलावतो. पुढचा कॉल मोबाइलवरूनच करायचा.

आता रोज चार वाजता स्वयंपाकघरात घंटी वाजते. "चहा टाकलास का गं?" आईला आधी जरा कटकट वाटायची. आता चार वाजून पाच मिनिटं झाली आणि घंटी वाजली नाही, तर तीच जिना चढून वर जाते.