वर्गणी संपत आल्याची सूचना

मासिकाचा वर्गणीदार होणे ही गोष्ट दिसावयास फार सोपी आहे. पैसे भरावे, पत्ता कळवावा आणि दरमहा अंकाची वाट पाहावी. परंतु ज्यांनी चार-दोन मासिकांची वर्गणी भरून पाहिली आहे, त्यांना विचारा. त्यातही विणकाम, भरतकाम, सुतारकाम अशा हातकामाला वाहिलेल्या नियतकालिकांच्या वर्गणीदारांना आवर्जून विचारा. अंक एखादे वेळी चुकतो. पण 'आपली वर्गणी संपत आली आहे, त्वरित पाठवावी' ही सूचना मात्र कधी चुकत नाही. पैसे पाठविल्यानंतरही ती येते, आणि मग पुन्हा एकदा, जरा कडक भाषेत, येते.

आमच्या वर्सोव्यात शेजारी एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी क्रोशाच्या विणकामाच्या एका त्रैमासिकाची वर्गणी भरली. पहिला अंक हाती पडण्याच्या आतच नूतनीकरणाची पहिली सूचना दारात हजर! बाईंना वाटले, आपले पैसे पोचलेच नसावेत. म्हणून त्यांनी ते पुन्हा भरले. पुढे वर्षात चारांऐवजी दोन अंक आले, दोन पत्रांना उत्तर आले नाही, आणि तिसऱ्या पत्राला उत्तर म्हणून जे पाकीट आले त्यात सवलतीच्या दराने तीन वर्षांचे वर्गणीदार होण्याची विनंती होती. त्यांची तक्रार पैशांची नव्हे. एका मेजपोसाचा अर्धा नमुना एका अंकात आला आणि उरलेला अर्धा न आलेल्या अंकात राहिला. कथा अर्धी राहिली तर मनाने पुरी करता येते. क्रोशाचे टाके मनाने मोजता येत नाहीत. हातकामाच्या मासिकाचा वाचक अधिक चिडतो तो यामुळेच. तो अंक रद्दीत घालीत नाही, वर्षानुवर्षे बांधून ठेवतो. मधला एक गेला की सगळी मालिका लंगडी होते.

आता हे असे का होते, ते पाहू. मासिकाच्या कचेरीत माणसे थोडी आणि कामे फार. एका महिन्याचा अंक आदल्या महिन्यात जुळवून तयार करावा लागतो, आणि पत्त्यांच्या चिठ्ठ्या त्याच्याही आधी छापून ठेवाव्या लागतात. म्हणून वर्गणी डिसेंबरात संपणार असेल तर सूचना ऑक्टोबरात निघते. तिकडून सूचना निघाली, इकडून पैसे निघाले, आणि दोघांची वाटेत चुकामूक झाली, की पैसे भरलेल्या माणसाच्या हाती मागणीपत्र पडते. येथवर कोणाचा दोष नाही. पुष्कळ ठिकाणी पत्त्याच्या चिठ्ठीवर वर्गणीदाराचा क्रमांक आणि वर्गणीच्या शेवटच्या अंकाचा महिना छापलेला असतो. आपण वेष्टन फाडतो आणि चिठ्ठीसकट फेकून देतो, म्हणून तो कधी वाचत नाही.

पण पहिल्या अंकाआधीच मागणी का? याचे कारण हिशेबात आहे. आगाऊ आलेली वर्गणी ही मासिकाची मिळकत नसून देणे असते. बारा अंकांचे पैसे घेतले म्हणजे बारा अंकांचे ऋण डोक्यावर बसले. एकेक अंक टपालात पडेल तसतसे ते फिटत जाते. शहाणा चालक ती रक्कम जपून वापरतो. परंतु कागदाचे बिल आजचे असते, छापखान्याचे आजचे असते, म्हणून मार्चमध्ये आलेली वर्गणी एप्रिलच्या अंकात खर्च होते. मग नव्या वर्गणीवर जुन्या वर्गणीदारांचे अंक छापावे लागतात. एकदा हे चक्र सुरू झाले की पैसे लवकर यावेत म्हणून सूचनाही लवकर निघू लागतात. तीन वर्षांची, पाच वर्षांची वर्गणी एकदम मागणारे पत्रक कधी उदारपणाचे असते, कधी ओढाताणीचे. आपल्याकडची म्हण उधारीचे पोते सव्वा हात रिते असल्याचे सांगते; येथे मात्र उधार देणारा वाचक असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

अमेरिकेत याचा मोठा दाखला २०१९ च्या मार्च महिन्यात मिळाला. विणकाम, गोधडीकाम, चित्रकला अशा छंदांची अनेक मासिके काढणाऱ्या एफ अँड डब्ल्यू मीडिया या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिची काही मासिके दुसऱ्या मालकांकडे गेली, काही बंद पडली. अशा वेळी ज्याने वर्गणी आगाऊ भरलेली असते त्याच्याजवळ तारण काहीच नसते. बँका व इतर तारणवाले धनको पुढे, वर्गणीदार रांगेच्या शेवटी.

मराठी नियतकालिकांची तऱ्हा पूर्वीपासून जरा निराळी आहे. आपल्याकडे बुडविणारा पुष्कळदा वाचकच असे. एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांत आगाऊ वर्गणीचा दर कमी आणि मागाहून देणाराचा अधिक, असे दोन दर छापण्याची चाल होती. थकबाकीदारांना हात जोडून केलेल्या विनवण्या हा तर त्या काळच्या संपादकीय लेखनाचा एक स्वतंत्र प्रकारच म्हणावा लागेल. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ पासून १९३७ पर्यंत सत्तर वर्षे चालले, पण अशी दीर्घायुषी मासिके थोडी. किर्लोस्करवाडीहून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले, तेव्हा त्याच्या मागे नांगर विकणारा कारखाना उभा होता. 'सत्यकथे'सारख्या मासिकाला नावलौकिक कमी नव्हता. तरीही १९८२ साली ते बंद झाले. नागपूरच्या 'उद्यम'ने घरगुती धंद्यांची माहिती मराठी घरांत पोचविली, तीही वर्गणीदारांच्याच बळावर. मासिक स्तुतीवर चालत नाही. ते नूतनीकरणावर चालते. नवा वर्गणीदार मिळविण्यात जाहिरात, सवलत आणि दलाली यांत पहिल्या वर्षाचे पैसे बहुतेक संपतात, उरले तर दुसऱ्या वर्षी उरतात. जुन्या वाचकाला नव्यापेक्षा अधिक दर पडतो, ही जी आणखी एक तक्रार असते, तिचे मूळ येथेच आहे. मला हा व्यवहार समजतो. तो न्याय्य मात्र वाटत नाही.

वसुलीचा जुना मार्ग म्हणजे व्ही. पी. हिंदुस्थानात ही सोय १८७७ साली सुरू झाली आणि टपालाची मनिऑर्डर १८८० साली. वर्गणी संपली की मासिकवाले छापीत, 'नको असल्यास कळवावे, अन्यथा पुढील अंक व्ही. पी.ने पाठवू'. वाचकाचे मौन म्हणजे संमती, असा हा मामला. पण त्यात एक मोठी गोम होती. पोस्टमन दारात उभा राही, आणि पैसे आपण आपल्या हाताने देत असू. नको असेल तर 'परत न्या' म्हणता येई. तसे पुष्कळजण म्हणत, आणि जाण्यायेण्याचे टपालहशील बिचाऱ्या संपादकाच्या माथी बसे.

आता तराजू दुसरीकडे झुकला आहे. आता पोस्टमन दारात यावा लागत नाही. एकदा कार्डावरून किंवा यूपीआयवरून स्वयंचलित भरणा मंजूर केला की दरवर्षी रक्कम आपोआप कापली जाते. मौन म्हणजे संमती हे सूत्र तेच राहिले, दार मात्र गेले. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डांसाठी असा नियम अमलात आणला आहे, की अशी रक्कम कापण्यापूर्वी निदान चोवीस तास आधी ग्राहकास कळविले पाहिजे. तो संदेश वाचणे हाच आजचा दरवाजा समजावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी जाहीर केली, तीत वर्गणीचा सापळा ही एक आहे. वर्गणी बंद करण्याची वाट मुद्दाम अवघड करणे, असा तिचा अर्थ. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक क्रमांक आहे. जिल्हा आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्कही पडत नाही. तीनशे रुपयांसाठी कोणी तेथवर जात नाही, ही गोष्ट वेगळी. पण पत्रात तेवढा उल्लेख केला तरी पुष्कळदा उत्तर येते.

टपालाचीही बाजू आहे. सवलतीच्या दराने जाणाऱ्या नोंदणीकृत वृत्तपत्राची चौकट १८९८ च्या टपाल कायद्याने आखून दिली होती : दोन अंकांत एकतीस दिवसांहून अधिक अंतर नको आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी हवी. तो कायदा जाऊन १८ जून २०२४ पासून नवा आला आहे. पण या चौकटीत त्रैमासिक कधी बसलेच नाही, आणि हातकामाची नियतकालिके पुष्कळदा त्रैमासिकच असतात. १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या 'ज्ञान पोस्ट'च्या स्वस्त दरातूनही नियतकालिके वगळली आहेत. साध्या टपालाने टाकलेल्या अंकाची पोच नसते, म्हणून हरवल्यास जाब कोणाला विचारणार? आमच्या भागात तर पत्त्याचीच गंमत आहे. कोळीवाड्यातली जुनी मंडळी गावाला वेसावे म्हणतात, कागदोपत्री वर्सोवा. त्यात सात बंगला, चार बंगला, यारी रोड. ४०००५३ आणि ४०००६१ यांची अदलाबदल झाली की अंक चार दिवस फिरतो आणि पावसाळ्यात भिजून येतो. पिनकोडाची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे मोठे पंडित, आपल्याच मुलखातले. पहिले तीन आकडे मुंबईचे, शेवटचे तीन वाटपाच्या कचेरीचे. तेव्हा घोटाळा व्हायचा तो शेवटच्या तिनांतच.

आणखी दोन जागा सांभाळण्याच्या आहेत. एक जोडअंकाची. वर्गणी बारा अंकांची की बारा महिन्यांची, हे आधी विचारावे. नाही तर मे-जूनचा एक जोडअंक दोन म्हणून मोजला जातो. दिवाळी अंकाचेही तसेच. 'मनोरंजन'कर्त्या काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून तो वर्गणीत धरावा की वेगळा, हा वाद चालूच आहे. वर्गणी बरोबर दसऱ्याच्या सुमारास भरणारे धोरणी वाचक माझ्या पाहण्यात आहेत. दुसरी जागा आजीव वर्गणीची. आजीव म्हणजे कोणाच्या जिवापर्यंत? वाचकाच्या, असे आपण समजतो. वस्तुतः ती रक्कम ठेवीत टाकून व्याजावर अंक पाठवावयाचा असा हिशेब असतो. व्याज उतरले, कागद चढला, की मासिकाचाच जीव आधी जातो किंवा 'वाढीव आजीव वर्गणी' मागणारे पत्र येते. पाचसहा वर्षांच्या पलीकडचे पैसे, मासिक कितीही आवडते असले तरी, भरू नयेत असे माझे मत आहे.

राहिले पैसे पाठविण्याचे. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कूपन असे. त्यावर नाव, वर्गणीदार क्रमांक आणि 'जानेवारीपासून पुढे चालू' एवढे लिहिले की काम होई. यूपीआयने पैसे क्षणात जातात, पण कूपन जात नाही. कचेरीत दिसते ते एवढेच, की कोणी एक एस. व्ही. पाटील यांचे तीनशे रुपये आले; यादीत तसले पाटील चार असतात, आणि वर्गणी असते पत्नीच्या नावावर. पैसे अनामत खात्यात पडून राहतात आणि सूचना ठरल्याप्रमाणे निघत राहतात. म्हणून भरणा केल्यावर त्याच दिवशी वर्गणीदाराचे नाव, क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, कोणत्या अंकापासून हवे ते, आणि पिनकोडासह पूर्ण पत्ता असे एक कार्ड किंवा संदेश वेगळा पाठवावा, आणि त्याची नक्कल पुढल्या वर्षापर्यंत ठेवावी.