जुन्या चित्रफितींची डिजिटल स्वच्छता

गेल्या शतकातील लोकजीवनाचा मोठा ऐवज चलच्चित्रांच्या रूपाने आपल्याकडे शिल्लक आहे. मिरवणुका, धरणांची कामे, शाळांचे समारंभ, शेतीची प्रात्यक्षिके असे कितीतरी प्रसंग फिल्मवर टिपले गेले. परंतु फिल्म ही नाशवंत वस्तू आहे. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपटांसाठी वापरली जाणारी नायट्रेट फिल्म तर अत्यंत ज्वालाग्राही असते. १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा अनेक रिळांची जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राख झाली. म्हणूनच जुन्या फिल्मचे डिजिटल रूपांतर निकडीचे ठरते.

या कामाचा व्याप लहान नाही. बोलपटात दर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. म्हणजे एका तासाच्या चित्रफितीत ८६,४०० चौकटी होतात. २,०४८ गुणिले १,५५६ या मापाने स्कॅन केल्यास प्रत्येक चौकटीत सुमारे ३२ लाख चित्रबिंदू, अर्थात पिक्सेल, असतात. त्यातून नेमके डाग शोधून काढावयाचे असतात.

पहिली स्वच्छता मूळ फिल्मचीच करावी लागते. हाताने काळजीपूर्वक पुसून अथवा ध्वन्यातीत लहरींच्या यंत्रात धुऊन बरीच धूळ निघते. जी धूळ येथे निघते ती पुढे संगणकावर काढावी लागत नाही.

त्यानंतर उरणारे ठिपके मुख्यत्वे दोन प्रकारचे असतात. फिल्मवरील धुळीचा कण बहुधा एकाच चौकटीत दिसतो आणि पुढच्या क्षणी नाहीसा होतो. निगेटिव्हवरील कण प्रकाश अडवीत असल्याने अंतिम चित्रात तो पांढरा दिसतो. दुसरा ठिपका स्कॅनरच्या संवेदकातील बिघडलेल्या पिक्सेलचा असतो. तो प्रत्येक चौकटीत त्याच जागी ठाण मांडून बसतो. चित्र हलले तरी तो हलत नाही. त्याचा दोष फिल्मचा नसून यंत्राचा असतो.

दोष निराळे, म्हणून उपायही निराळे. धुळीसाठी संगणक प्रत्येक चौकटीची मागील व पुढील चौकटीशी तुलना करतो आणि मधल्याच चौकटीत आढळणाऱ्या ठिपक्याच्या जागी शेजारच्या चौकटींतील चित्र भरतो. रंगीत फिल्मसाठी अवरक्त किरणांचेही साहाय्य होते. फिल्ममधील रंगद्रव्यांतून हे किरण आरपार जातात, धूळ मात्र त्यांना अडविते. त्यामुळे धुळीचा स्वतंत्र नकाशाच मिळतो. कृष्णधवल फिल्ममधील चांदी हे किरण अडवीत असल्याने तेथे ही युक्ती चालत नाही.

अडकलेल्या पिक्सेलबाबत मागील-पुढील चौकटींचा उपयोग नाही, कारण तेथेही तोच ठिपका असतो. प्रकाश बंद ठेवून, तसेच फिल्मविना एकसारख्या प्रकाशात स्कॅन घेतल्यास असे पिक्सेल उघड होतात. मग त्याच चौकटीतील सभोवतालच्या पिक्सेलांवरून त्यांची किंमत ठरविण्यात येते. हे काम चित्राची थरथर स्थिर करण्यापूर्वीच उरकावे. थरथर काढल्यावर चित्र जागेवर येते आणि एका जागी असलेला ठिपकाच इकडेतिकडे फिरू लागतो. मग त्याला गाठणे कठीण होते.

येथे एक धोका ध्यानी घ्यावयास हवा. खळ्यावर उफणणी चालली आहे आणि वाऱ्यावर भुसा उडतो आहे, असे दृश्य कल्पावे. उडणारा प्रत्येक कण एका ठिकाणी एका चौकटीपुरताच दिसतो. यंत्राच्या लेखी तो कचराच! स्वच्छतेच्या भरात यंत्र भुसा पुसून टाकील आणि शेतकरी रिकामे सूप हलविताना दिसेल. पावसाच्या सरी, ठिणग्या आणि उडते पक्षी यांचीही हीच गत होते. म्हणून यंत्राने सुचविलेली प्रत्येक दुरुस्ती जाणत्या माणसाच्या नजरेखालून जाणे अगत्याचे आहे. शंका आल्यास डाग राहू द्यावा. डाग पुढेही काढता येईल, परंतु पुसलेला पुरावा परत येणार नाही. याच कारणास्तव मूळ फिल्म आणि दुरुस्तीपूर्वीचे स्कॅन कधीही नष्ट करू नयेत.

शाळा वा ग्रामपंचायतीच्या कपाटात जुने रीळ आढळल्यास ते प्रक्षेपकावर चालवून पाहण्याचा मोह टाळावा. आकसलेली फिल्म तेथे फाटते. शिरक्यासारखा वास येत असल्यास ॲसिटेट फिल्मचा ऱ्हास सुरू झाला आहे असे समजावे, ते रीळ इतरांपासून वेगळे करावे, थंड व कोरड्या जागी ठेवावे आणि तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्या रिळावर गावाची एखादी हरवलेली पिढी अजून चालती-बोलती असण्याचा संभव आहे.